दोन दारं

आमच्या घराला दोन दारं आहेत,
मुंबईत बहुतेकांच्या असतात:
आत लाकडी, बाहेर जाळीचं.
मी दिवसभर लाकडी उघडं टाकते,
जिन्यातून कोण चढतंय ते पावलांवरून सांगते.
भार्गव आला की दोन्ही लावतो,
वरून कडी.
सुरुवातीला मला वाटायचं, चोरांची भीती असेल.

आई कामगार रुग्णालयात नर्स. रात्रपाळी.
माझ्या फ्रॉकला सेफ्टीपिनेनं किल्ली
आणि तांडेलकाकूंकडे ताट.
"सातला येते" म्हणायची.
कधी सातला यायची, हसत, जिलेबी घेऊन.
कधी साडेदहाला, बदलीची बाई आली नाही म्हणून,
आणि न बोलता पालथी झोपायची.
कुठला दिवस कुठला, आधी कळायचं नाही.
म्हणून मी कान तयार केले.
अजून आहेत.
तिसऱ्या मजल्यावरून मला
खालच्या गेटची कुरकुर ऐकू येते.

भार्गवनं त्याची गोष्ट सांगितली नाही,
तुकड्यातुकड्यांनी हाती लागली.
सातव्या वर्षी हॉस्टेल.
तापात वडिलांना पत्र लिहिलं: मला न्या.
तेच पत्र परत आलं,
शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून.
त्यानंतर त्यानं कुणाकडे काही मागितलं नाही.
जेवताना मीठसुद्धा उठून घेतो.

तर असे आम्ही, कन्नमवारनगरात,
तीनशे ऐंशी चौरस फुटांत.
मी: पोचलास? पोचलास का? अरे?
तो: हो.
तो "हो" मी नारळासारखा कानाशी हलवून बघते,
आत पाणी आहे का.
भांडण झालं की मी त्याच्या मागे
या खोलीतून त्या खोलीत.
खोल्या दोनच, लवकर संपतात.
मग तो गच्चीवर, टाकीपाशी.

घाटकोपरच्या समुपदेशक बाईंनी
पाठकोऱ्या कागदावर दोन बाण काढले:
या धावतात म्हणून तुम्ही पळता,
तुम्ही पळता म्हणून या धावतात.
दोन्ही दुखण्यांना नावंही सांगितली.
नाव कळलं म्हणून दुखणं जात नाही,
पण "इथं, इथंच कुठंतरी" म्हणत
बोट फिरवत बसावं लागत नाही.
सुरक्षित वाटणं शिकता येतं, त्या म्हणाल्या,
उशिरासुद्धा.
भार्गव म्हणाला, खाली पार्किंगचे पैसे वाढतायत.

मग मार्चमधला तो मंगळवार.
धुण्याच्या शर्टाच्या खिशात पावती,
मुलुंडचं हॉस्पिटल, डिपॉझिट,
त्याच्या आईचं नाव.
मला एका शब्दानं नाही!
बसमध्ये मी अख्खं भाषण तयार केलं,
भांडुप येईस्तोवर दोनदा रडून घेतलं.

ऑपरेशन थिएटरबाहेर तो एकटा,
मोबाइल उपडा ठेवून,
पाठ ताठ, पाय जुळवलेले,
सात वर्षांचा.

भाषण घशाशी होतं. गिळलं.
दोन खुर्च्या सोडून बसले.
काही विचारलं नाही.
(हे लिहायला एक ओळ लागते.
बसायला एक तास दहा मिनिटं लागली.)
तो उठला. वाटलं, निघाला.
तर शेजारच्या खुर्चीत येऊन
हेल्मेट माझ्या मांडीवर ठेवलं
आणि म्हणाला, "धर जरा."

मी धरलं.
आतल्या स्पंजला त्याच्या केसांचा वास होता.

फार काही बदललं नाही.
कालच मी तीन मेसेज टाकले, चौथा लिहून पुसला.
तो गच्चीवर जातो अजून,
पण जाताना म्हणतो, "वीस मिनिटं."
तेविसाव्या मिनिटाला येतो.
मधली तीन मी नखं खाते.

संध्याकाळी खाडीकडून वारा सुटतो, दारं आपटतात.
आज घरी आले तर लाकडी दार अर्धवट उघडं,
फटीत अडकवलेली चप्पल,
नऊ नंबरची, डाव्या पायाची.

मी ती काढली नाही.
सरळही केली नाही.